कब्रस्तानाकडचा वाळा

दसरा उलटला की उल्हास नदीचं पाणी गढूळपणा टाकतं आणि हळूहळू काठावरून खाली उतरतं. पावसाळाभर झाकलेली कड उघडी पडते. काळसर, ओला, बोट लावलं तर ठसा राहील असा चिखल. वर शेतात लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडलेलं असतं, कुठे कापणी सुरू झालेली असते, आणि दुपारच्या उन्हात दोन्हींचा मिळून एक वास येतो, कापलेल्या पेंढ्याचा आणि उघड्या चिखलाचा. तो वास आला की माझं दुकानात लक्ष लागत नाही. हातात गोळ्यांची पट्टी असते, मी कात्री शोधत उभी राहते, आणि समोरच्या माणसाने किती गोळ्या मागितल्या तेच विसरते.

शेलूला स्टेशनजवळ आमचं औषधांचं दुकान आहे. सासर तिथून चालत जाण्याइतकं, नदीकाठच्या गावात. गिऱ्हाईक आता बरंचसं नव्या इमारतींतलं. त्यांच्या बाल्कनीतून नदी दिसते. या दिवसांत कुणीतरी हमखास विचारतं, "पाऊस नसताना दुपारी पाणी वाढतं कसं हो?" मी सांगते, वर भिवपुरीला वीजघर आहे, तिथलं पाणी नदीत येतं, म्हणून आमची नदी उन्हाळ्यातही आटत नाही, आणि रोज थोडी चढते, थोडी उतरते. लोकांना गंमत वाटते. एका आश्विनात आम्ही सगळे गुडघाभर चिखलात उभे राहून त्याच चढण्याउतरण्याकडे डोळे लावून होतो, हे मी त्यांना सांगत नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

आमचं शेत नदीच्या वळणावर आहे, पाणी जिथे येऊन धडकतं त्या बाजूला. शेताला लागून कब्रस्तान. मध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण. मी लग्न होऊन आले तेव्हा शेताच्या टोकाला करंजाची दोन जुनी झाडं होती आणि त्यांच्या पलीकडे बैलगाडी वळेल एवढी जागा. पुढे बरीच वर्षं वरच्या अंगाला रेतीचा उपसा झाला. कोणी केला, कोणी करू दिला, ते आता उगाळून काही होणार नाही. नदीचा तळ खोल गेला, कडेच्या पायाची माती सुटली, आणि दर पावसाळ्यात वळण आमच्याकडे सरकू लागलं. आधी गाडीवाट गेली. मग एक करंज वाकला आणि एका सकाळी जागेवर नव्हता. दुसरा त्याच्या मागून गेला. माझे सासरे, आबा, रोज संध्याकाळी कडेपर्यंत फेरी मारून यायचे. त्यांची फेरी आखूड होत गेली. परत आल्यावर पाय धुताना ते उगाच जास्त पाणी घ्यायचे.

कुंपणापलीकडे कब्रस्तानातही तेच चाललं होतं.

हमीदचाचा आबांचे लहानपणापासूनचे जोडीदार. त्यांचं घराणं मूळचं खाडीकडचं, पण आजोबांच्या काळातच इकडे येऊन स्थायिक झालेलं. त्यांचा टेंपो होता. नेरळच्या बाजारातून माल आणायचा, लग्नाची भांडी पोचवायची, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर मागे गादी टाकून तयार राहायचं. आबा त्यांना "हमीद" म्हणायचे आणि ते आबांना "दत्तू". आबांना दत्तू म्हणणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. दोघे सतत भांडायचे. कुठल्या साली पाणी कुठवर आलं होतं, कुठल्या बैलाने कुणाला मारलं होतं, यावरून. ज्या दिवशी भांडण ऐकू येणार नाही त्या दिवशी दोन्ही घरांतून माणूस बघायला जायचं.

खैरूनचाची त्यांची बायको. माझी तिची ओळख औषधांमुळे झाली. आधी साखर, मग मूत्रपिंडाचं दुखणं. चाचा दर आठवड्याला दुकानात यायचे. "सूनबाय, तुझ्या चाचीचा खाऊ दे," म्हणायचे. कधीमधी चाची स्वतः यायची, बाकावर बसायची, आणि औषधं बांधून होईपर्यंत मला तिच्या माहेरच्या खाडीबद्दल सांगायची. कल्याणच्या पुढे कुठेतरी तिचं माहेर. घराच्या मागच्या दारात भरतीचं पाणी यायचं म्हणे. इथे आल्यावर वाहतं पाणी सोडून तिला दुसरं काही बघण्यासारखं वाटलं नाही. दुपारी कामं आटोपली की ती नदीवर जाऊन नुसती बसायची.

ती एका माघात गेली. कब्रस्तानात वरच्या बाजूला जागा होती, पण चाचांनी नदीकडची शेवटची रांग दाखवली. जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "तिकडं नको, कड ढासळते हाय." चाचा म्हणाले, "तिला पाणी बघत बसायची सवय हाय. आनि कड लांब हाय अजून." खरोखरच लांब होती. निदान त्या थंडीतल्या दिवसांत, निळ्या शांत पाण्याकडे बघताना, सगळ्यांना ती लांब वाटली.

पुढचा पावसाळा आला आणि कडेचा मोठा घास घेऊन गेला. भाद्रपद संपता संपता, पाणी थोडं उतरल्यावर चाचा दुकानात आले. औषध घ्यायचं नव्हतं. काउंटरवर हात टेकून उभे राहिले. मी चहा मागवला तो त्यांनी तसाच ठेवला. म्हणाले, "सूनबाय, मी जागा चुकीची निवडली गं."

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर आबा, चाचा आणि मी बसलो होतो. काठाला भिंत बांधून मिळावी म्हणून गावाने किती वेळा मागणी केली होती. माणसं येऊन पाहून गेली होती, भिंत आली नव्हती. आबा तेच पुन्हा सांगत होते. चाचा ऐकत नव्हते. मध्येच म्हणाले, "माझ्या आजोळी खाडीला भिंत नव्हती, दत्तू. गवत होतं. ओहोटी लागली की सगळी मानसं चिखलात उतरायची नि बांधाच्या भाईर खारं गवत लावायची. लाट यायची ती गवतात मरायची. बांधापरेंत पोचायचीच नाय. मी लावलंय माझ्या हातानं, एवढासा होतो."

"इथं कुठं खाडी हाय रं?" आबा म्हणाले.

"भरती-ओहोटी तर हाय. सकाळी पानी खाली, दुपारी वर. भिवपुरीचं पानी येतं ती भरतीच की."

"आनि गवत? ते काय समुद्रातनं आननार?"

खारं गवत गोड्या पाण्यात कसं जगणार, हे चाचांनाही कळत होतं. तेव्हा मी बोलले. माझं माहेर खालापूरकडे, कुंभिवलीला. घरामागच्या ओढ्याला दोन्ही काठांनी वाळा आहे. आई उन्हाळ्यात त्याच्या मुळ्या धुऊन पाण्याच्या माठात टाकायची. ओढ्याला कितीही पूर आला तरी तो आडवा होतो आणि पाणी गेलं की पुन्हा उभा राहतो. त्याच्या मुळ्या खाली कुठवर जातात ते बघायला लहानपणी आम्ही भावंडांनी एकदा खणायला घेतलं होतं. दमलो, पण मुळी संपली नाही.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, चपला पायात सरकवल्या, म्हणाले, "उद्या जायचं."

कुंभिवली आता ओळखू येत नाही. हायवेच्या कडेने टायरची दुकानं, गॅरेजं, ट्रकवाल्यांची हॉटेलं, मागे कारखान्यांची गेटं. पण त्या सगळ्याच्या पाठीमागे ओढा अजून होता, आणि वाळाही. माझ्या भावाने टिकाव घेतला. आबा आणि चाचा दोघांनी त्याला "असं नको, तसं मार" सांगून हैराण केलं, आणि शेवटी दोघे स्वतःच उतरले. पहिला ठोंब निघाला तेव्हा मुळ्यांचा वास सगळीकडे पसरला. थंड, मातकट, गोडसर. चाचांनी मूठभर मुळ्या नाकाशी धरल्या आणि बराच वेळ धरून ठेवल्या. "हिला आवडला असता," एवढंच म्हणाले. टेंपो भरून आम्ही कर्जतवरून परत आलो. मागे ओल्या गोणपाटाखाली वाळा, पुढे दोन म्हातारे भांडत, आणि मधल्या जागेत अंग चोरून मी. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत तो दिवस मी मोजते. आता तो आठवतो तेव्हा आधी आनंद होतो, आणि मग त्याच्या मागून येणारं सगळं येतं.

लावणीचं काम सोपं. शेंडे छाटायचे, ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचा एकेक भाग करायचा, पहारीने भोक पाडायचं, मुळ्या आत सोडून टाचेने माती दाबायची. ओळ कडेला आडवी धरायची. पाणी वर यायच्या आधी खालच्या ओळी संपवायच्या. आमच्या आळीतल्या बायका आल्या, जमातीतले लोक आले, रविवारी माझा नवरा आणि त्याचे मित्र आले. चाचांची सून शमीम आणि मी शेजारी शेजारी ओळ धरायचो. तोवर आम्ही एकमेकींना बाजारात भेटलो की हसायचो तेवढ्याच. त्या चिखलात मैत्री झाली. वाळ्याची पात करवतीसारखी असते, बोटं कापून निघायची. शमीम घरून हळद-तेलाची वाटी घेऊन यायची. जेवणाला तिने केलेली नारळाच्या दुधातली सांदणं आणि आमची तांदळाची भाकरी नि सुकट. दुपारी पाणी चढायचं आणि नीट न दाबलेले ठोंब सुटून वाहायला लागायचे. आम्ही दोघी ओरडत त्यांच्यामागे धावायचो. वर कडेवर बसलेले आबा म्हणायचे, "टाच दाबा गं पोरींनो, टाच." चाचा म्हणायचे, "तू उतर खाली नि दाब." आणि त्यांचं सुरू व्हायचं.

पण त्याही आधी, अगदी पहिल्या सकाळी एक गोष्ट घडली होती. सगळे कडेवर जमलो होतो आणि सुरुवात कुठून करायची हे ठरायचं होतं. कब्रस्तानाकडून की शेताकडून. चाचांनीच सांगितलं. "दत्तूच्या शेताकडून करा. तिथं कड उतरती हाय, गवत लगेच धरंल. फुडच्या वर्षी भात उभं राहायचं हाय तिथं. जित्या मानसाचं आधी."

आबा म्हणाले, "बरं."

एवढंच. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. बोलणं शहाणपणाचं होतं, आणि ज्याच्या बायकोची कबर टोकाला होती तोच बोलत होता. आम्ही शेताच्या टोकापासून सुरू केलं. काम झपाट्याने चाललं. मग कापणी अंगावर आली. भात पिकलं की थांबत नाही, ज्याचं त्याचं शेत ज्याला त्याला हाक मारतं. आज दोन माणसं कमी, उद्या चार. नंतर दिवाळी. नंतर झोडणी. कुंपण ओलांडून कब्रस्तानाच्या बाजूला काम सुरू झालं तेव्हा कार्तिक संपत आला होता. तिकडची कड उभी, पाणी खाली गेल्याने वाळून कडक झालेली. ठोंबही उरलेसुरले, बारीक. शेवटच्या कोपऱ्यात चाचा आणि शमीम दोघंच लावत होती. वरून डब्याने पाणी आणून घालत होती. मी दुकानाच्या वाटेवर थांबून पाहायचे, "येते हं रविवारी," म्हणायचे, आणि जमेल तेव्हा जायचेही. आबांच्या खळ्यावर भारे पडले होते. ते तिकडून हात हलवायचे. चाचाही हात हलवायचे.

हिवाळ्यात वाळा हिरवा झाला. शेताकडचा तर पौषातच गुडघ्याएवढा. कब्रस्तानाकडचा विरळ, पण जिवंत होता. चाचा संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. एकदा मी त्यांना बोलावायला गेले तेव्हा ते कबरीकडे तोंड करून सांगत होते, "आता पाय भिजायचे नायत तुझे. थोडं दिवस दम काढ." मला पाहून त्यांनी खाकरून घसा साफ केला, जणू स्वतःशीच बोलत होते.

आषाढ संपता संपता तो पाऊस आला. काही दिवस उघडीप अशी नव्हतीच. एका सकाळी पाणी कडेला लागलं आणि दुपारपर्यंत वळणावर लाकडं, फांद्या, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर येऊन आदळायला लागलं. आम्ही सगळे शेतात उभे होतो. आमच्या बाजूला वाळा पाण्याखाली आडवा झाला होता, विंचरलेल्या केसांसारखा एका दिशेला. पाणी त्याच्यावरून घसरत जात होतं. माती हलत नव्हती. कुणीतरी म्हणालं, "धरलंय, धरलंय." माझ्या नवऱ्याने आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

कुंपणापलीकडे आधी एक चीर दिसली. मग खालच्या ओळी मातीसकट घसरल्या, वाळ्याचे ठोंब उभेच्या उभे, जशी कुणी परडी खाली सोडावी तसे. मग कोपरा गेला. मी समजत होते की अशा वेळी मोठा आवाज होत असेल. तसा काही झाला नाही. पावसाच्या आवाजात तो ऐकूही आला नसता, आम्ही बघत नसतो तर.

चाचा शेराच्या कुंपणाला धरून उभे होते. आबा त्यांच्याकडे धावले आणि दंड धरला. "हमीद, मागं हो."

चाचा मागे झाले. त्यांनी आबांना विचारलं, "गेली?"

आबांचा हात चाचांच्या दंडावर तसाच होता. चाचाच म्हणाले, "गेली."

पाणी उतरल्यावर जमातीची माणसं खालपर्यंत जाऊन पाहून आली. काही नव्हतं. त्या रांगेतल्या जुन्या कबरीही गेल्या होत्या, पण त्यांची माणसं आता लांब शहरांत होती. ती फोनवर हळहळली.

चाचा बरेच दिवस दुकानात आले नाहीत. मीच गेले. बसले, शमीमने चहा दिला. काय बोलावं ते सुचेना, आणि काही सुचत नसताना माणूस बोलतो तसं मी बोलले. म्हटलं, "चाचा, ही नदी खाली कल्याणच्या खाडीलाच जाते ना? चाची माहेरी गेली असं समजा." मला ते बोलताना सुंदर वाटलं होतं.

चाचा हळूच म्हणाले, "नको गं असं बोलू. म्हायेरी जायची तेवा सांगून जायची ती. तिला मी हितं ठेवली होती."

तेव्हापासून मी कुणाचं असं सांत्वन करत नाही. माणसाचं गेलेलं गेलेलं असतं, त्याला आपण गोड वळण द्यायला जाऊ नये.

आणि आबा. त्या वर्षी आमच्या शेतात भात असं आलं की बघणारा थांबत होता. शेताची एक ओंजळ माती गेली नव्हती. नव्या तांदळाचा भात केला त्या दिवशी आबांनी तो पानात वाढून घेतला आणि तसाच ठेवून उठले. संध्याकाळची फेरी त्यांनी बंदच केली. त्यांना दोष देणारं कुणी नव्हतं. कुणी दिला असता तर कदाचित त्यांना उत्तर तरी देता आलं असतं.

पण नव्या भाताच्या त्या जेवणाआधीच, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेंपोचा हॉर्न वाजला होता. चाचा स्टिअरिंगवर. मागे रिकामी गोणपाटं.

"दत्तू, चल. कुंभिवली."

आबा ओट्यावरून हलले नाहीत. "आता कशाला?"

"कशाला म्हंजे? अजून मानसं हायत तिथं. माझा बाप हाय. आजी हाय."

"मी काय तोंड घिऊन येऊ रं?"

चाचा टेंपोतून उतरले, आबांच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "सुरुवात कुठून करायची ते मी बोललो होतो. तू नाय."

"मी बरं म्हनलो."

"मग आता चल म्हनतो, तर बरं म्हन."

आबा उठले. पण 'बरं' काही म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांच्या तोंडी मी नंतर क्वचितच ऐकला. "हां" म्हणतात, "चालंल" म्हणतात.

त्या वर्षी कब्रस्तानाकडून सुरुवात झाली. कड उभी होती म्हणून आबांनी स्वतः फावडं घेऊन ती खांदून उतरती केली, घामाने निथळत, कुणाला हात लावू न देता. आमच्या शेतात भात पिकून उभं होतं. माझ्या नवऱ्याने दोनदा आठवण केली. आबा म्हणाले, "थांबंल." भात थांबत नाही. आमची कापणी गावात सगळ्यांत शेवटी झाली आणि बरंच भात शेतातच गळून पडलं, पाखरांनी खाल्लं. आणि त्या वर्षी कापणीच्या दिवसांतही कब्रस्तानाकडे माणसं कमी झाली नाहीत. तीच माणसं, तीच शेतं. आदल्या वर्षी जे जमलं नव्हतं ते जमलं. जमू शकत होतं, हे कळणंच जास्त कठीण गेलं.

पुढचा पावसाळा वाळ्याने पेलला. त्याच्या पुढचाही. हमीदचाचांनी ते दोन्ही पाहिले. मग एका उन्हाळ्यात छातीच्या दुखण्याने ते गेले. त्यांनी शमीमला सांगून ठेवलं होतं, शेवटच्या रांगेत. आता शेवटची रांग म्हणजे पूर्वीची मधली. तिच्या खालची जमीन नदीची झाली होती. मातीचा शेवटचा हात द्यायला आबांना पुढे बोलावलं. त्यांनी मूठ भरली, पण ती लगेच सोडेनात. शेवटी शमीमच्या नवऱ्याने त्यांच्या मनगटाला हळूच हात लावला.

आता वाळा पुरुषभर वाढला आहे. पाणकोंबड्या त्यात अंडी घालतात. नव्या इमारतींतली मंडळी रविवारी तिथे येऊन फोटो काढतात. मागे बाहेरून काही लोक काठ पाहायला आले होते. त्यांना हे काम फार आवडलं. आमच्या घरी येऊन त्यांनी आबांना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं, केवढी ही दूरदृष्टी. आबा म्हणाले, "माला नाय सुचलं." आणि आत निघून गेले. ते लोक मग माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना हमीदचाचांचं नाव सांगितलं, खाडीच्या गवताची गोष्ट सांगितली, माहेरचा ओढा सांगितला. पुढचं सांगितलं नाही. ते फार समाधानाने गेले.

दुकानात बसून मी कधी कधी विचार करते. समजा त्या पहिल्या सकाळी कब्रस्तानाकडून सुरुवात केली असती, तरी तो कोपरा वाचला असता का? कड उभी होती. पूर मोठा होता. कदाचित गेलाच असता, आणि शेताचंही टोक घेऊन गेला असता. हा हिशेब मी आबांपुढे मांडायचा प्रयत्न केला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गेला असता तर गेला असता. पन आपन लावला असता ना आधी."

यंदा श्रावणात आबा न्हाणीत पडले, खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण आता खाटेवरच असतात. डोकं लख्ख आहे. दसऱ्यानंतर एक दिवस मी त्यांना औषध द्यायला गेले तर म्हणाले, "पानी उतरलं का गं?"

"उतरलंय."

"आपल्या बाजूचा वाळा दाट झालाय. त्यातला काड थोडा. नि तिकडं लाव, कोपरा होता तिथं खाली. गाळ साठला असंल."

गाळ खरंच साठला होता. कोपरा जिथे ढासळला तिथे पाण्याच्या कडेला गेल्या दोन पावसाळ्यांत चिखलाचा एक पट्टा तयार झाला आहे, अंगणाएवढाही नाही. मी शमीमला फोन केला. ती कोयता घेऊन आली. आमच्या दोघींचेही केस आता पिकलेत, खाली उतरताना एकमेकींचा हात धरावा लागतो. आमच्या बाजूचे ठोंब काढले, शेंडे छाटले, फोडले आणि तिकडे नेऊन लावले. मध्ये शमीम एकदा म्हणाली, "अब्बा असते तर म्हनाले असते, ओळ वाकडी झाली." ओळ वाकडी झाली होती. आम्ही ती तशीच ठेवली.

संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, आणि आबांच्या खाटेशी गेले. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"सगळं लावलं?"

"लावलं."

"कुठून सुरुवात केलीस?"

"कोपऱ्यापासनं, आबा. चाचींच्या जागेपासनं."

त्यांनी मान हलवली. डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी दिवा लावायला उठले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तवाच करायचं होतं गं."